टीव्हीला सांगण्याआधी

८ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने लिहीत बसत नाही.

तुमच्या जहाजावर तुमचाच कार्यक्रम दिसत नाही हे ऐकून मला हसू आलं. म्हणजे लग्न तुमचं आणि मिरवणूक आम्ही बघायची. तू म्हणालीस, आई, काय काय दाखवतात ते मला लिहून कळवा. म्हणून कागद काढला. माझं अक्षर तुला लागतं हे बरं आहे. तुझ्या नवऱ्याला लागत नाही. दुकानात ठेवलेली माझी चिठ्ठी त्याने एकदा गिऱ्हाइकाकडून वाचून घेतली होती.

तर काल पहिला भाग झाला. समोरचे मास्तर स्वतःची खुर्ची घेऊन आले. त्यांचा टीव्ही आपल्यापेक्षा मोठा आहे, पण एकट्याने बघायचा त्यांना कंटाळा. तुझी भिंगरी पडद्याला नाक लावून बसली होती, तिला दोनदा मागे ओढावं लागलं. तुझा नवरा कुणाचा तरी फ्रिज उघडा टाकून आला आणि हातही न धुता जमिनीवर बसला.

सुरुवातीला नुसतं पाणीच पाणी. मग एक भारदस्त आवाज म्हणाला की हे विमानवाहू जहाज नसून समुद्रावर तरंगणारं गाव आहे. मास्तर म्हणाले, गाव आहे तर भांडणंही दाखवा. पण भांडणं काही दाखवली नाहीत. तुमचा भटारखाना दाखवला. रोजचा ब्रेड तुम्ही तिथेच भाजता हे तू मला कधी बोलली नाहीस, आणि मी अर्धी हयात बेकरीत काढलेली बाई. तो तुमचा पाववाला पीठ मनगटाने मळतो. खांद्यातून मळायला हवं, नाहीतर चाळिशीनंतर त्याचे हात कामातून जातील. त्याला सांग माझ्याकडून. नाहीतर राहू दे, परक्या माणसाला कशाला.

मग झोपायची जागा. एकावर एक तीन खाटा आणि प्रत्येकीला निळा पडदा. त्यात उठून बसताच येत नाही ना? फोनवर विचारलं की तू म्हणायचीस, जागा छान आहे. आता कळलं तुझं छान म्हणजे केवढं. भिंगरीने काल रात्रीच आपल्या पलंगाखाली अंथरूण घातलं आणि मला म्हणाली, मी आईसारखी झोपणार, पडदा लाव.

तू शेवटी शेवटी दिसलीस. वर डेकवर लाल, हिरव्या, पिवळ्या जाकिटांची माणसं धावत होती, सगळ्यांची डोकी हेल्मेटात, डोळ्यांवर गॉगल. मी म्हटलं, यात आपलं माणूस कसं ओळखायचं? तेवढ्यात तुझा नवरा म्हणाला, "ती." पिवळं जाकीट, पाठमोरी. भिंगरीने विचारलं, कशावरून? तर म्हणाला, "उभी राहते त्यावरून."

एवढंच बोलला. पण टीव्हीकडे असा काही बघत होता, की मग मीच दुसरीकडे बघितलं.

तुझी,
आई


१५ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

दुसरा भाग सगळा विमानांचा होता. तू इतकी वर्षं मला सांगत होतीस, "आई, मी विमानं पार्क करते." मला आपलं वाटायचं, सिनेमा थिएटरबाहेर गाड्या लावून घेणारा माणूस असतो, तसलं काहीतरी. काल माझे डोळे उघडले.

विमान एवढ्या उंचावरून येतं काय, शेपटीचा आकडा डेकवरच्या तारेत अडकतो काय, आणि धावणारा बैल दाव्याने खेचावा तसं ते जागच्या जागी थांबतं काय. आणि ते थांबलं रे थांबलं, की त्याच्या पुढ्यात तू. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून सगळं हातांनी. तू हात वर केलेस की एवढं धूड पुढे सरकतं, मूठ मिटलीस की उभं राहतं. निवेदक म्हणाला, वैमानिक आपल्या डोळ्यांपेक्षा या हातांवर विश्वास ठेवतात. मास्तरांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरात ही इतकी वर्षं भांडी घासत होती?" मी म्हटलं, घासत होती, आणि चांगली घासत होती.

आता भिंगरी बापाची स्कूटर हातवारे केल्याशिवाय दारात येऊ देत नाही. काल बिचारा सामानासकट तिच्या हुकमाची वाट बघत रस्त्यात उभा होता.

टीव्हीवाल्या बाईचा फोन आला होता. तीच, जिने तुमच्याबरोबर जहाजावर मुक्काम केला. शेवटच्या भागात घरची माणसंही दाखवायची आहेत म्हणे. तुझ्या नवऱ्याने कानावर हात ठेवले. म्हणाला, आईला घ्या, ती न विचारता बोलते.

पुढच्या भागात तुझी मुलाखत आहे असं शेवटी दाखवलं. तुझा नवरा कालपासून तीनदा म्हणाला, मुलाखत आहे. आम्ही वाट बघतोय.

तुझी,
आई


२३ फेब्रुवारी

प्रिय सूनबाई,

तिसरा भाग झाला. विशेष काही नव्हतं. इंजिन दाखवलं, दवाखाना दाखवला, दातांचा डॉक्टरसुद्धा आहे हे बघून बरं वाटलं. कपडे धुण्याची जागा तर आपल्या घराच्या दुप्पट. तुझी मुलाखत छान झाली. चेहरा जरा उतरलेला वाटला, पण उजेडाचाही दोष असतो.

भिंगरीचा खोकला गेला. शाळेत तिने तुझं चित्र काढलं, त्यात तुला चार हात आहेत. बाई म्हणाल्या चार कसे, तर म्हणाली दोन पुरत नाहीत.

रविवारी तुझा फोन कुणी उचलला नाही, त्याचं मनावर घेऊ नकोस. त्याचा फोन बिघडलाय. दुकानात उन्हाळ्याआधीची कामं फार आली आहेत, सगळ्यांना एकदम आपापले फ्रिज आठवले. जेवतोही तिकडेच, मी डबा देते. झोपतोही कधीकधी तिकडेच. काम फार आहे.

तू आपली तब्येत सांभाळ. आज जास्त लिहीत नाही.

तुझी,
आई


२ मार्च

प्रिय सूनबाई,

परवा तू माझ्या फोनवर फोन केलास आणि विचारलंस, आई, घरी काय झालंय? मी म्हटलं, कुठे काय. मला फोनवर नीट खोटं बोलता येत नाही, पत्रात येतं. पण एकदा बोलून फसले, आता पत्रातही जमणार नाही. तेव्हा सगळं सांगते.

दुसऱ्यांच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाचा फोन बिघडत नसतो. त्याने तो उचलला नाही.

तिसऱ्या भागात विशेष काही नव्हतं असं मी लिहिलं, पण खरं म्हणजे तुझी मुलाखत विशेष होती. तू काय बोललीस ते तुला आठवत असेल, तरी आम्हाला जसं दिसलं तसं लिहिते. तू एका लोखंडी जिन्यावर बसली होतीस, हेल्मेट मांडीवर. त्या बाईने विचारलं, घर आठवतं का? तू म्हणालीस, "खरं सांगू? नाही आठवत. वर डेकवर आठवलंच तर कुणीतरी जिवाला मुकेल. पण खाली आल्यावरही फारसं नाही आठवत. इथे मी सगळीच्या सगळी असते." बाईने विचारलं, आणि घरी? तू आपल्या हातांकडे बघितलंस. "घरी मी थोडी थोडी सगळ्यांची असते."

त्यानंतर लगेच दातांचा डॉक्टर दाखवला.

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. भिंगरीला काही कळलं नव्हतं, ती म्हणत होती, आईचं हेल्मेट बघा, आईचं हेल्मेट बघा. तुझा नवरा उठला, चपला घातल्या आणि दुकानात गेला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तो एका वॉशिंग मशीनच्या पोटात डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "आई, ती तिकडे सगळीच्या सगळी असते. म्हणजे इथे येते ती उरलीसुरली."

मी डबा ठेवून आले.

त्यात तुझ्या नणंदेचा फोन. तिने तेल ओतायचं ते ओतलंच. म्हणाली, मी आधीच म्हणत होते, घरदार टाकून समुद्रावर राहणाऱ्या बायका अशाच, वगैरे. मी तिला म्हटलं, तू माझी लेक आहेस म्हणून ऐकून घेतलं, आता ठेव. तिचा राग घालवायला दोन दिवस जातील. जाऊ देत.

मग मी एक केलं. त्या टीव्हीवाल्या बाईला फोन लावला. माझी खात्री होती की तू पुढे काहीतरी बोलली असणार आणि यांनी ते कापलं. कार्यक्रमात कात्री चालते हे मला ठाऊक आहे. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे ते उरलेलं बोलणं असेल, तेवढं माझ्या मुलाला ऐकवा. ती चांगली बाई आहे, थापा मारल्या नाहीत. म्हणाली, "आम्ही काहीच कापलं नाही. त्या एवढंच बोलल्या. मग चहा मागितला."

म्हणजे तू जे बोललीस ते तसंच बोललीस.

मलाही लागलं, सूनबाई. लपवत नाही. भिंगरीचे केस मी विंचरते, ताप आला तर मी जागते, ते सगळं तुझ्या कौतुकासाठी करते असं नाही, पण लागलं. मात्र आणखीही काहीतरी वाटलं, ते मला अजून नीट सापडलेलं नाही. सापडलं की कळवीन.

तुला पुढचे सहा महिने जहाजावरच थांबून नव्या मुलींना शिकवशील का असं विचारलंय, हेही तू परवा बोललीस. आणि घरून कुणी फोनच उचलत नसेल तर मी हो म्हणून टाकते, असंही म्हणालीस. रागाने हो म्हणू नकोस. रागाने नाहीही म्हणू नकोस. जरा थांब.

तुझी,
आई


११ मार्च

प्रिय सूनबाई,

रविवारी तुम्ही दोघं बोललात, त्यामुळे तुला निम्मं माहीत आहे. उरलेलं निम्मं तो सांगणाऱ्यातला नाही, म्हणून मी सांगते.

एक आठवडा मध्ये गेला आणि चौथा भाग लागला, तो बघायला तुझा नवरा येणार नव्हता. भिंगरी दुकानात गेली आणि त्याचा हात धरून घेऊन आली. तो दाराशीच उभा राहिला, चपला पायातच.

त्या भागात तो अपघात दाखवला. विमान उतरलं, आकडा तारेत अडकला, आणि एक टायर फुटून ते तिरकं घसरत आलं. पिवळ्या जाकिटातलं एक माणूस धावलं, समोर गोंधळून उभ्या राहिलेल्या मुलीला ढकललं, आणि दोघी आडव्या पडल्या. वरून काहीतरी काळं उडत गेलं. मग सगळीकडे पांढरा फेस. निवेदक सांगत होता की आणखी तीन विमानं वर घिरट्या घालत होती आणि त्यांच्यातलं तेल संपत आलं होतं, त्यामुळे डेक लगेच मोकळा करणं भाग होतं. ती पिवळी जाकीटवाली उठली, हेल्मेट सरळ केलं आणि तिने हात वर केले.

तू जिवंत आहेस हे मला ठाऊक होतं. आदल्याच आठवड्यात तुझा आवाज ऐकला होता. तरी मास्तरांचा हात मी इतका घट्ट धरला होता की त्यांनी नंतर बोटं चोळली.

तू हे आम्हाला सांगितलं नव्हतंस. बोलता बोलता एवढंसुद्धा नाही.

पडद्यावर तारीख आली होती. तुझा नवरा दारातून पुढे आला आणि म्हणाला, "हा बुधवार होता." मी म्हटलं, बरं, मग? तो खाली बसला. म्हणाला, "त्या बुधवारी तिचा फोन आला होता. रविवार नसताना. मी दुकानात होतो."

मग हळूहळू एकेक सांगितलं. तू त्याला विचारलंस, घरात काय चाललंय? तो म्हणाला, काही नाही, नेहमीचंच. तू म्हणालीस, "मग नेहमीचंच सांग ना." त्याला वाटलं, हिचा आज वेळ जात नाहीये. गिऱ्हाईक समोर उभं होतं, कुरकुरत होतं. तो म्हणाला, रविवारी बोलू, आणि फोन ठेवला.

"ती नुकतीच त्यातून उठून आली होती, आई," तो म्हणाला. "आणि मी ठेवला."

भिंगरी त्याच्या मांडीत जाऊन बसली. मी ओट्यापाशी गेले, कारण तिथे काहीतरी करायला असतं.

रविवारी तो सकाळपासून स्वयंपाकघरात फोन समोर ठेवून बसला होता. मी भाजी निवडत होते. मला म्हणाला नाही की आई, तू बाहेर जा, म्हणून मी गेले नाही. तुझा फोन आला तेव्हा त्याने भांडण काढलं नाही, माफी मागितली नाही, मुलाखतीचं नावही काढलं नाही. सरळ सुरू झाला. म्हणाला, आई भाजी निवडतेय, तिने चष्मा उलटा ठेवलाय. भिंगरीचा एक मोजा हरवलाय. वरच्या मजल्यावर पुन्हा कुणीतरी खिळे ठोकतंय. मास्तरांनी कुंडीत मिरची लावली, उगवलं भलतंच. बाहेर वारा सुटलाय, दोरीवरची चादर जमिनीला लागतेय, मी ती उचलणार नाही, तुझ्याशी बोलतोय.

हा माणूस लग्नानंतर माझ्यासमोर सलग दहा वाक्यं बोललेला मला आठवत नाही. तुझ्याकडून काय येत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "रड. मी आहे फोनवर."

तेव्हा मात्र मी बाहेर गेले. चादर उचलली.

तुझी,
आई


१९ मार्च

प्रिय सूनबाई,

आज घाईने लिहितेय, कारण हे तुला कार्यक्रमाआधी पोचायला हवं.

टीव्हीवाली बाई काल घरी येऊन गेली. कॅमेरावाला, दिवे, वायरी, सगळं लटांबर. आपल्या स्वयंपाकघरात चौघं मावत नाहीत, तिथे सात जण. तिला वाटत होतं मी खुर्चीवर बसून बोलावं. मी म्हटलं, बसून मला बोलता येत नाही, हाताला काम हवं. तर म्हणाली, काम करा की. मग मी ब्रेडचं पीठ मळायला घेतलं. कितीतरी दिवसांनी घेतलं. हातांना सगळं आठवत होतं, त्यांना मला विचारावं लागलं नाही.

तिने भिंगरीला विचारलं, आईची आठवण येते का? भिंगरी म्हणाली, हो, आणि बाबा दुकानात असले की बाबांची, आणि आजी झोपली की आजीची. मग मला विचारलं, तुमची सून म्हणाली घर आठवत नाही, ते ऐकून तुम्हाला काय वाटलं?

मी चांगलं काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं. देशाची सेवा वगैरे. पण हात पिठात होते, आणि तोंडातून निघून गेलं, "मला हेवा वाटला."

झालं. कॅमेऱ्यात गेलं. आता सगळं जग ऐकणार. म्हणून टीव्हीला जे सांगितलं ते तुला आधी सांगतेय. माझी तुझ्यावर खरं तर तेवढीच तक्रार आहे, सूनबाई. तू जे बोललीस त्याची नाही. टीव्हीला सांगण्याआधी आम्हाला सांगायचं होतंस.

मागे एका पत्रात लिहिलं होतं ना, काहीतरी वाटलं पण सापडत नाही, ते हे. पहाटे बेकरीत भट्टी तापली की मला घर आठवत नसे. नवरा, मुलं, सासूबाईंचं दुखणं, काही म्हणजे काही नाही. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर धग यायची आणि मी अशी ताठ व्हायचे. पाव फुगले की नाहीत हे मला वासावरून कळायचं. हात धुतले की मग एकेक करून घरची माणसं आठवायची, आणि आठवली की चांगलं वाटायचं, घाईने निघायचे. हे मी कुणाला कधी बोलले नाही. कुणी विचारलंच नव्हतं. तुला विचारलं, आणि तू सांगून टाकलंस, एवढाच फरक.

हे मी मुलालाही सांगितलं. त्याने विचारलं, "तेव्हा मी पण नाही आठवायचो?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "पण घरी यायचीस तेव्हा तू उरलीसुरली नव्हतीस." मी म्हटलं, हे तुझं तुलाच कळलं, बरं झालं.

तुमचं जहाज पुढच्या आठवड्यात दोन दिवस बंदराला लागतंय ना? तो येतोय. दुकानाला कुलूप लावून येतोय. भिंगरीची शाळा आहे आणि माझे गुडघे आहेत, म्हणून एकटाच.

तुझी,
आई


३ एप्रिल

प्रिय सूनबाई,

तुझा नवरा परत आला. आल्या आल्या दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, त्यावरून मी ओळखलं की तिकडे चांगलं झालं. मग म्हणाला, "ती थांबतेय. सहा महिने." मी म्हटलं, रागाने? तो म्हणाला, "नाही. तिने नाहीच म्हणून ठेवलं होतं. मीच म्हटलं, हो म्हण."

मला राग आला, खरं सांगते. तुम्ही दोघांनी समुद्राकाठी बसून ठरवलंत, आणि भिंगरीच्या वेण्या मी घालायच्या. तुझं कपाट मी झाडून पुसून ठेवलं होतं. मी भांडी जरा आपटलीच. तो उठला, माझ्या हातातली भांडी घेतली आणि घासायला लागला. म्हणाला, ज्या मुलीला तू ढकललंस ती आता तुझ्या हाताखाली शिकतेय, तिची तू त्याला ओळख करून दिलीस, पोर अजून टायरच्या आवाजाला दचकते. तू समोर उभी असलीस की दचकत नाही. "मी ते बघितलं, आई. मग मला दुसरं काही म्हणता येईना." भांडी त्याने वाईट घासली, पण घासली. वेण्याही तोच घालतो आता. वाकड्या येतात. भिंगरी तशाच मिरवते.

शेवटचा भाग गेल्या शनिवारी दाखवला. तू चांगली दिसलीस. मीही बरी दिसले, पदराला पीठ होतं. "मला हेवा वाटला" म्हणाले तेव्हा मास्तर माझ्याकडे बघून हसले नाहीत, ते मला आवडलं. तुझ्या नणंदेचा फोन आला. मी तयारीत होते. ती म्हणाली, "आई, तू हे आम्हाला कधी बोलली नाहीस." आवाज अगदी लहानपणीसारखा. आम्ही बराच वेळ बोललो. तुला विचारलंय तिने. नीट विचारलंय.

आणि काल आणखी एक फोन आला. आमच्या बेकरीतली माझी जोडीदारीण, जिच्याबरोबर मी पहाटेची पाळी करायचे, ती. किती वर्षांत बोलणं नाही. लेकाच्या गावी तिने स्वतःची बेकरी काढली आहे. टीव्हीवर माझे हात दिसले म्हणाली, चेहरा नंतर ओळखला. तिच्याकडे पाच-सहा मुली कामाला आहेत आणि सगळ्या मनगटाने मळतात. म्हणाली, ये दोन महिने, राहायला जागा आहे, त्यांना शिकव.

मी म्हटलं, माझं घर आहे, नात आहे, गुडघे आहेत. ती म्हणाली, गुडघे घेऊन ये.

तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "आई, तू पण?" मी म्हटलं, हो, मी पण. रात्री मी ट्रंक काढून बघितली, कुलूप गंजलंय. त्याने तेल घातलं.

तेव्हा आता माझं ऐक. तू तुझे सहा महिने पुरे कर. त्या पोरीला शिकव, तिच्या समोर उभी राहा. मग घरी ये, चार दिवस झोप, उठून बसता येईल अशा खाटेवर. पाचव्या दिवशी मी निघणार. फ्रिजमध्ये दोन दिवसांचं करून ठेवीन, पुढचं तुमचं तुम्ही बघा. रविवारी फोन करीन, पण तुम्हीही करा.

आणि तिथे मला कुणी विचारलं, आजी, घर आठवतं का, तर मी नाही म्हणणार आहे. तुला आधीच सांगून ठेवते.

तुझी,
आई